आधी डीआय, मग ट्यूब

चि. भाचीस,


तू विचारलंस, ट्यूब प्रीअँप घेऊ की डीआय बॉक्स, आणि पैसे एकाच वस्तूपुरते आहेत. फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून पत्र. दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी या पट्ट्यात तुझ्यासारखी ऑर्केस्ट्रात वाजवणारी आणखीही मुलं-मुली आहेत, त्यांनाही ते दाखव.

माझं मत आधीच सांगून टाकतो. डीआय घे. ट्यूब नंतर.

आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात बेस बहुधा कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातात असतो. तू खरा बेस गळ्यात अडकवून उभी राहतेस, याचा मला फार अभिमान वाटतो. म्हणूनच तो बेस शेवटच्या खुर्चीपर्यंत नीट पोचला पाहिजे.

भीमजयंतीचा मंडप घे. तू स्टेजवर, आणि मिक्सर पार लोकांच्या मागे, तीस-चाळीस मीटरवर. साउंडवाला पी-३८ पिनची एक लांबच लांब वायर तुझ्या हातात देतो आणि म्हणतो, लाव ताई. तुझा बेस पॅसिव्ह आहे, आत बॅटरी नाही. त्याच्या पिकअपमधून येणारा सिग्नल नाजूक, इम्पीडन्स जास्त. गिटारच्या वायरीत दर मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. पाच-सहा मीटरपर्यंत ते खपून जातं. चाळीस मीटरला मात्र तारेवर बोट पडल्याचा तो टणत्कार वायरच गिळून टाकते, आणि वरून जनरेटरचं, लायटिंगच्या डिमरचं हमिंग आत शिरतं. मग साउंडवाला बेसचा फेडर खाली ओढतो, आणि दोष तुझ्या वाजवण्याला लागतो.

यावर उपाय म्हणजे तुझ्याजवळच लावायची डीआयची डबी. पॅसिव्ह डीआयच्या पोटात एक ट्रान्सफॉर्मर असतो. चांगल्या पॅसिव्ह डीआयमध्ये तो १२ ला १ असा गुंडाळलेला सापडतो, म्हणजे व्होल्टेज बाराव्या हिश्शावर येतं आणि इम्पीडन्स १४४ पटींनी उतरतो. पुढे तोच सिग्नल कॅनन पिनच्या वायरीतून दोन तारांवर उलटसुलट जातो. वाटेत जो गोंगाट चिकटतो तो दोन्ही तारांवर सारखाच चिकटतो. मिक्सर एकातून दुसरी वजा करतो, गोंगाट गळून पडतो आणि बेस उरतो. याला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही, आणि मिक्सरवर ४८ व्होल्टचा फँटम वीजपुरवठा नसला तरी काही बिघडत नाही. आपल्या भागातल्या कार्यक्रमांना याहून भरवशाची वस्तू मी पाहिलेली नाही.

वीज लागणारा ॲक्टिव्ह डीआय वाईट असं नाही. त्याचा इनपुट बहुतेक एक मेगओहमच्या आसपास असतो, त्यामुळे पिकअपवर भार कमी पडतो आणि वरचा चकचकीतपणा टिकतो. रेडियल कंपनीच्या जेडीआयसारख्या पॅसिव्ह डीआयचा भार १४० किलोओहमच्या घरात, म्हणून पॅसिव्ह बेस त्यावर किंचित मऊ ऐकू येतो. मला बेसवर तो मऊपणा आवडतो. पैसे वाचवायचे तर डबीवर वाचव, ट्रान्सफॉर्मरवर नको. छोट्या, हलक्या गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर खालच्या स्वरांना दम तोडतो. दुकानात खुली ई तार जोरात छेड आणि हेडफोनवर ऐक. स्वर फाटलेला, खरखरीत वाटला की डबी परत ठेव.

आता ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हची काचेची नळी. तिची ओढ मला कळते. जुन्या काळी लाउडस्पीकरचे अहुजा ॲम्प्लिफायर आणि घरातले रेडिओ याच व्हॉल्व्हवर चालत. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने तर ईसीसी ८३ ही नळी आपल्याच देशात बनवली. तीच अमेरिकेत १२एएक्स७ म्हणून ओळखली जाते आणि आजही बहुतेक ट्यूब प्रीअँपमध्ये तीच बसवलेली असते. नव्या नळ्या आता रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात.

तिचा खरा उपयोग काय, तेही सांगतो. तुझी खुली ई तार ४१ हर्ट्झवर थरथरते. मंडपातले स्पीकर एवढा खर्ज धड काढू शकत नाहीत. ट्रायोड नळी जराशी दाबून चालवली की त्याच्या दुप्पट, ८२ हर्ट्झचा स्वर ती आणखी भरीव करते. तो स्पीकरला झेपतो, आणि त्यावरून कान खालचा खर्ज ताडतो. आवाज न वाढवता बेस ऐकू येतो. ट्यूबमध्ये पैसे घालण्याचं माझ्या लेखी हेच कारण.

मात्र नळी दिसली म्हणून भुलू नकोस. काही स्वस्त यंत्रांत नळीला जेमतेम काही व्होल्ट मिळतात आणि काचेमागे केशरी एलईडी लावलेला असतो. दुकानदाराला सरळ विचार, प्लेटवर किती व्होल्ट आहेत? २०० ते ३०० सांगितले तर पुढे बोल. नुसता १२ व्होल्टचा ॲडॉप्टर बघून नाक मुरडू नकोस. काही यंत्रं तेवढ्यातून आतल्या आत उच्च व्होल्टेज तयार करतात. २३० व्होल्टवर चालतं का ते बघ. मागे ट्रान्सफॉर्मरचा कॅनन आउटपुट असेल तर उत्तम, मग वेगळा डीआय लागणार नाही. शेवटी यंत्र चालू असताना त्याच्या डब्यावर पेन्सिलीने हलकी टिचकी मार. स्पीकरमधून टण्ण आवाज आला, तर ती नळी मायक्रोफोनिक आहे. दारव्ह्याहून पुसदला जीपमधून हादरे खात गेल्यावर ती आणखी बोलायला लागेल. डबा मात्र स्वतः उघडायचा नाही; स्विच बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

नळीशिवाय बेस अपुरा, असं कोणी म्हणालं तर त्याला मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीची गाणी ऐकव. डेट्रॉइटमध्ये तिथले बेसवादक जेम्स जेमरसन यांचा फेंडर प्रिसिजन बेस बहुतेक वेळा ॲम्पपुढे माइक न लावता सरळ कन्सोलमध्ये घेतला जाई. तिथल्या कन्सोलमध्ये काय होतं त्यापेक्षा त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी मला जास्त महत्त्वाची वाटते.

आणखी एक, आणि ही गोष्ट सगळ्यांत आधी पाळ. डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. ते फक्त सिग्नलच्या वायरीची शील्ड तोडतं, हमिंग जातं आणि तू सुरक्षित राहतेस. काही जण मात्र हमिंग घालवायला थ्री-पिन प्लगची अर्थची पिनच काढून टाकतात. तुझा हात तारांवर आणि ओठ माइकला, अशा वेळी शॉकपासून वाचवायला तीच पिन असते. जनरेटर असला की अर्थिंग केलंय का, हे वाजवण्याआधी विचार. विचारायला लाजू नकोस, आणि अर्थ नसेल तर सुपारी कितीही मोठी असो, स्टेजवर चढू नकोस.

तुझा,
मामा