पंखावरचा थर

अवकाळी गारपिटीने वाशीम जिल्ह्यातील आमच्या धर्मग्रामातला कांदा झोडपून निघाला, त्या संध्याकाळी मी एका मातेच्या अंगणात उभा होतो. तिच्या तळहातावर बोराएवढी गार होती. पीक गेल्याचे दुःख बाजूला सारून तिने विचारले, "फादर, आभाळात एवढं बर्फ हाय, मंग उद्या माह्या पोरीच्या विमानाले काई होनार नाई ना?"

मुलगी मुंबईहून अमरावतीला यायची होती. एप्रिल 2025 मध्ये एटीआर-72 या लहान विमानाने ही सेवा सुरू झाली. मी हसून म्हणालो, "आपल्या वऱ्हाडात विमानाला कसला आलाय बर्फाचा धोका!"

रात्री वाचन केले, तेव्हा तो धीर मी अज्ञानातून दिला होता, हे उमगले. जमीन उन्हाने भाजत असली, तरी चार-पाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्याखाली उतरते. तेथील ढगांत पाण्याचे कित्येक थेंब गोठणबिंदूखालीही द्रवरूप राहतात आणि विमानाच्या पंखावर आदळताच गोठतात. गार वाढते तीही अशाच थेंबांनी. या थराच्या वजनापेक्षा त्याचा खरखरीतपणा अधिक घातक. त्यावरून हवा सुरळीत वाहत नाही आणि पंखाची उचल घटते. उतरताना वेग मुळातच कमी केलेला असतो. म्हणून तेव्हा ही उणीव जिवावर बेतते.

31 ऑक्टोबर 1994 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या पूर्वसंध्येला, अमेरिकेत एक एटीआर-72 शिकागोला उतरण्याची वाट पाहत ढगांत घिरट्या घालीत होते. पंखांच्या पुढच्या कडेला फुगून बर्फ फोडणाऱ्या रबरी पट्ट्या होत्या. पण बर्फ त्यांच्या मागे साचला. विमान स्वयंचलित यंत्रणेच्या हाती होते. तिने हात सोडताच ते एकाएकी कलंडले. 68 जणांपैकी एकही वाचला नाही. पुढे अशा विमानांवरील त्या पट्ट्या रुंद करण्यात आल्या.

सकाळी मिस्सानंतर मी त्या मातेला गाठले. म्हणालो, "बाई, काल मी चुकीचे बोललो. वर बर्फ धरतो. पण आपल्याकडे विमान खाली येते तसे उबदार हवेत शिरते आणि तो वितळतो. शिवाय असे ढग टाळण्याचे, त्यांतून वेळीच बाहेर पडण्याचे शिक्षण वैमानिकांना दिलेले असते."

तिने क्षणभर विचार केला. "म्हंजे थे लोक जागे असतात ना, फादर?"

"जागे राहणे हेच त्यांचे काम," मी म्हणालो.

दुपारी मुलगी सुखरूप पोचली. मला मात्र माझे आदल्या दिवशीचे हसू आठवत राहिले. पोकळ दिलासाही असाच नकळत साचतो. आणि धर्मगुरूच्या शब्दावर तर माणसे डोळे मिटून विसंबतात.