दारातला आवाज

गेल्या वर्षी नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ऐंशी वर्षे पूर्ण झाली. पुढे थंडीत त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा करावयाचे ठरले आणि घरातील प्रत्येकाने आपापल्या वाट्याचे काम उचलले. थोरल्या भावाने धर्मकार्याची व भोजनाची व्यवस्था पत्करली. बहिणीने आमंत्रणांची यादी हाती घेतली. मी ना हिशेबात पक्का, ना पंगतीत चपळ! तेव्हा माझ्याकडे एक निरुपद्रवी काम सोपविण्यात आले. नानांनी आजवर घरात केलेल्या चित्रणांतील निवडक भाग जुळवून मी तासाभराची एक चित्रफीत तयार करावी, आणि सोहळ्याच्या संध्याकाळी ती आप्तेष्टांना दाखवावी, असे ते काम होते.

नानांनी १९९८ साली हौसेने एक व्हिडिओ कॅमेरा विकत घेतला होता. त्या दिवसापासून वाईच्या आमच्या घरातील एकही कार्य त्या कॅमेऱ्यावाचून पार पडले नाही. पुतण्याची मुंज, बहिणीचे लग्न, दर वर्षीचे गौरी-गणपती, अंगणातील लोणच्याच्या कैऱ्या, पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या चढून आलेली कृष्णा, सारे काही त्यांनी टिपून ठेवले होते. मी महिनाभर खपून त्यांतील साठ तुकडे निवडले, संगणकावर एकापुढे एक जोडले आणि स्वतःच्या कर्तबगारीवर खूश होऊन एका रविवारी घरच्या मंडळींना तो नमुना दाखविण्यास बसलो.

पाच मिनिटांतच माझा आनंद मावळला. मुंजीतला ताशा असा काही कडाडला की, माझी पत्नी रिमोट घेण्यासाठी धावली. आवाज कमी केला, तो पुढच्या तुकड्यातील गौरीची गाणी मुंगीच्या पावलांनी चालू लागली. "अरे, वाढव ना!" बहीण म्हणाली. वाढवला, तर लग्नातल्या सनईने कानठळ्या बसल्या. तासाभरात तो रिमोट सात जणांच्या हातांतून फिरला. चित्राकडे कोणाचे लक्षच राहिले नाही. नानांनी कानातले श्रवणयंत्र हळूच काढून सदऱ्याच्या खिशात ठेवले, हे माझ्या नजरेतून सुटले नाही.

खेळ संपल्यावर कोणी काही बोलेना. मग नाना म्हणाले, "चित्रे छान आहेत रे. पण हिचा आवाज कुठेच कसा नाही?"

'हिचा' म्हणजे माझ्या आईचा. आईला जाऊन आता बरीच वर्षे झाली. २०१६ साली ती गेली. चित्रफितीत ती नव्हती असे नाही. समई लावताना, पंगतीत वाढताना, नातवाच्या कपाळी टिळा लावताना ती दिसत होती. पण नानांचे म्हणणे खरे होते. तिचे ओठ हलत होते, आणि ऐकू मात्र दुसरेच कोणी येत होते.

त्या रात्री मी सारे तुकडे पुन्हा ऐकले आणि मला एका साध्या गोष्टीचा उलगडा झाला. आमच्या घरच्या चित्रणांत सर्वांत मोठा आवाज होता तो नानांचा! ते स्वतः कधीच दिसत नसत. पण "इकडे बघा", "हसा जरा", "बाजूला हो रे" अशा त्यांच्या आज्ञा मायक्रोफोनच्या अगदी जवळून उठत. आई मात्र बहुधा स्वयंपाकघराच्या दारात उभी असे, आणि बोलणेही तिचे जात्याच हळू. मायक्रोफोनला वडीलधारे कोण, लाडके कोण, हे कळत नाही. त्याला कळते ते केवळ अंतर. मोकळ्या जागेत ऐकणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. नानांचे मुख कॅमेऱ्यापासून अर्ध्या मीटरवर आणि आई चार मीटरवर, म्हणजे अंतर तीन वेळा दुप्पट झाले. खोलीच्या भिंतींनी थोडाफार आवाज परत फेकला असेल, हे धरले तरी आईच्या बोलण्याचा पाड लागणार कसा?

दुसऱ्या दिवशी मी कंबर कसली. संगणकात आवाजाला एक छत असते. त्या छताला शून्य म्हणतात आणि बाकीच्या पातळ्या त्याच्याखाली उणे आकड्यांनी मोजतात. छताच्या वर चढू पाहणाऱ्या लाटेचा माथा छाटला जातो, आवाज फाटतो, आणि असा फाटलेला आवाज मागाहून खाली आणला तरी पूर्ववत होत नाही. मी विचार केला, प्रत्येक तुकड्यातील सर्वांत उंच लाट छताखालच्या एकाच रेषेपर्यंत आणून ठेवली की सारे तुकडे समान होतील. आज्ञा दिली, संगणकाने ती क्षणात पाळली, आणि ऐकतो तो काय! आई होती तिथेच होती.

माझी भाची पुण्यास अभियांत्रिकी शिकते. ती त्या आठवड्यात घरी आली होती. तिने माझी फजिती शांतपणे ऐकून घेतली आणि २००९ च्या गणपतीतला एक तुकडा लावून म्हणाली, "मामा, हे ऐक. आजी बोलते आहे, आणि लगेच मागे कुणाच्या तरी हातून पातेले पडले आहे. तू त्या पातेल्याची उंची मोजलीस, आजीची नाही."

मी पाहिले, तो खरोखरच त्या पातेल्याचा खणखणाट छताला टेकला होता, आणि तेवढ्या एका क्षणामुळे बाकी सारा तुकडा वर उचलण्यास जागाच उरली नव्हती. भाची पुढे म्हणाली, "एखाद्या वर्गात एकच मुलगा सहा फूट उंच असला, म्हणून तो वर्ग उंच मुलांचा होतो का? कानाला एखादा उंच क्षण मोठा वाटत नाही. काही वेळ टिकून राहिलेला आवाज मोठा वाटतो."

तिने मग मला या विषयाचा थोडा इतिहास सांगितला. डेसिबल हे माप टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून पडले. ध्वनीची शक्ती दहापट वाढली की पातळी १० डेसिबलने वाढते. पण आपल्या कानाला तो आवाज जेमतेम दुप्पट झाल्यासारखा वाटतो. १९३३ साली फ्लेचर व मन्सन या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले की, सारख्याच शक्तीचे खर्जाचे व उंच स्वर कानाला सारखे मोठे वाटत नाहीत. यंत्राचा न्याय आणि कानाचा न्याय असे वेगवेगळे असतात! म्हणूनच आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ साली कानाच्या स्वभावाला धरून मोठेपणा मोजण्याची एक रीत ठरवून दिली. ती सर्वोच्च लाट पाहत नाही; टिकलेल्या आवाजाची सरासरी पाहते. युरोपातील प्रसारण संस्थांनी २०१० साली याच रीतीने आपल्या कार्यक्रमांसाठी उणे २३ ही पातळी ठरविली. एका कार्यक्रमातून दुसऱ्यात जाताना प्रेक्षकाला रिमोट शोधावा लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू. आमच्या बैठकीच्या खोलीत जे युद्ध झाले, ते जगभर होत होते तर!

हे ऐकून मला हुरूप आला. सर्व आवाज आपोआप सारखे करणारी एक सोय त्या संगणकात मला सापडली. भाची नको म्हणत असतानाही मी ती पूर्ण जोराने वापरली. आता मात्र सर्व काही ऐकू येऊ लागले. ताशा आणि कुजबुज, सनई आणि पंखा, सारे एकाच पातळीवर! पण त्यात एक तुकडा होता: माझी बहीण बाळाला मांडीवर घेऊन बसली आहे, आणि "निजला ग," असे आई अगदी हलक्या आवाजात म्हणते आहे. तो हलका आवाज आता लग्नातल्या मंगलाष्टकांइतका मोठा झाला होता. ऐकताना वाटले, अशाने ते बाळ खचित जागे होईल! सर्वांना सारखे करण्याच्या नादात मी हळू बोलण्यातली मायाच पुसून टाकली होती.

मग मात्र मी यंत्रावरचा भार काढून स्वतःच्या कानावर घेतला. भाचीने रीत सांगितली ती सोपी होती. पण तिला धीर लागत होता. प्रथम सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत हळू आवाज कोणता, ते ठरवावे. तो फाटू न देता, स्पष्ट होईल इतकाच उचलावा. मग इतरांना त्याच्या मानाने खाली आणावे. हळू आवाजाला ओढून वर नेण्यापेक्षा मोठ्या आवाजांना थोडे खाली बसविणे अधिक सोपे असते. प्रेक्षक मग एकदाच आपल्या सोयीने आवाज वाढवितो आणि निवांत बसतो. पातेले पडल्याचा तेवढाच क्षण वेगळा कापून खाली दाबला. दोन तुकड्यांच्या सांध्यावर एक आवाज हलकेच उतरता आणि दुसरा हलकेच चढता ठेवला. आई वर आली तसा तिच्याबरोबर पंखाही वर आला. तेव्हा संगणकाला नुसत्या पंख्याचा क्षणभराचा नमुना ऐकवून तेवढी घरघर कमी करविली. तेथेही हात आखडता ठेवला, कारण हव्यास केला तर माणसाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. ताशा ताशासारखाच मोठा ठेवला आणि कुजबुज कुजबुजीसारखी. फक्त कोणी कोणाला झाकून टाकू नये, एवढे पाहिले.

असे करीत करीत मी त्या २००९ च्या तुकड्याशी आलो. आरतीची तयारी झाली आहे. नाना ओरडतात, "सगळ्यांनी इकडे बघा!" त्यांच्या मागोमाग तीन-चार क्षण शांतता आहे. कॅमेऱ्यात आवाज आपोआप सावरणारी योजना असते. मोठा आवाज आला की ती आपला कान आवरून घेते आणि पुन्हा सावकाश उघडते. नानांच्या ओरडण्याने तो कान मिटलेला असतानाच आई दारातून काहीतरी म्हणते, आणि पाठोपाठ ते पातेले पडते. दोन मोठ्या आवाजांच्या फटीत ते एक वाक्य सोळा वर्षे अडकून पडले होते. मी तेवढाच भाग वेगळा केला, सावकाश वर उचलला आणि डोळे मिटून ऐकला.

"अहो, तुम्हीही या की समोर. तुम्ही कुठेच दिसणार नाही अशाने."

मी ते वाक्य कितीदा ऐकले, ते आता सांगता येणार नाही. सोहळ्यात साऱ्यांच्या देखत नानांनी ते प्रथम ऐकावे, हे मला योग्य वाटेना. म्हणून त्या संध्याकाळी त्यांना एकट्यालाच संगणकासमोर बसविले. त्यांनी खिशातले श्रवणयंत्र काढून कानात घातले. चित्र सुरू झाले. त्यांचा स्वतःचा आवाज आला. आता तो दरडावणारा राहिला नव्हता. मग दारातून आई बोलली.

नाना बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, "तेव्हा मला हे ऐकूच आले नव्हते."

त्या वेळी नानांचे कान तिखट होते. शेजारच्या आळीतील चौघडा त्यांना ओसरीवर बसून ऐकू येई. चार मीटरवरून आलेले एक वाक्य मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते, आणि आज यंत्राच्या आधाराने ऐकणाऱ्या त्या थकलेल्या कानांना ते अक्षर न् अक्षर ऐकू आले होते. मला माझ्याच घरातील कितीतरी गोष्टी आठवल्या. जेवताना मीच बोलत असतो. कोणी दारातून काही म्हणते, मी "हो, हो" म्हणतो, आणि माझे बोलणे पुढे चालू ठेवतो. ती वाक्ये कोणत्याच फितीवर नाहीत. ती मागाहून उचलून ऐकण्याची सोय नाही.

"पुन्हा लाव," नाना म्हणाले. मी पुन्हा लावले.

सोहळ्याच्या संध्याकाळी पन्नास-साठ मंडळींनी ती चित्रफीत पाहिली. आवाज सुरुवातीला एकदाच ठरवून दिला होता. तासभर कोणी रिमोटला हात लावला नाही. कित्येकांच्या हे ध्यानातही आले नसेल, आणि ते तसेच योग्य होते. दिवे लागल्यावर पुतण्याने सर्वांचे छायाचित्र काढण्यासाठी मोबाइल बाहेर काढला. सवयीप्रमाणे नाना उठले आणि त्याच्या हातातून तो घेण्यासाठी दोन पावले पुढे आले. मग काहीतरी आठवल्यासारखे थांबले, मागे वळले, आणि सर्वांच्या मधोमध ठेवलेल्या खुर्चीत जाऊन बसले.