वैतरणेचं पाणी, ॲमेझॉनचा मासा

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या रंगीत माशांच्या दुकानांत रेडटेल कॅटफिशचं पिल्लू मिळतं, ते जेमतेम बोटाएवढं. काळसर पाठ, कुशीवर दुधी पट्टा, केशरी-लाल शेपटी, तोंडाशी मिशांच्या तीन जोड्या. काचेवर बोट टेकवलं की ते मिशा पुढे करून जवळ येतं. घेणारा तिथंच विरघळतो.

हा ॲमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यांतला शिकारी मासा. ब्राझीलमध्ये त्याला पिरारारा म्हणतात. तुपी भाषेत पिरा म्हणजे मासा आणि आरारा म्हणजे मकाव पोपट. नदीत तो मीटरभराहून लांब होतो. २०१० साली ब्राझीलमध्ये गळाला लागलेला एक तर ५६ किलोंचा होता.

घरात आधी दिसते ती त्याची भूक. सोबतचे मासे एकेक करून नाहीसे होतात, कधी तळातले गोटेही पोटात जातात. सहा फूट लांब आणि दोन-दोन फूट रुंद-उंच टाकीत सुमारे ६८० लिटर पाणी मावतं. एवढ्या टाकीतही वाढलेल्या रेडटेलला धड वळता येत नाही. पाणी लवकर खराब होतं, म्हणून दर आठवड्याला निदान तिसरा हिस्सा बदलावा लागतो. म्हणजे सव्वादोनशे लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर पंधरा हंडे.

हिशेब हंड्यांत करायला कारण आहे. मुंबईच्या नळाला येणारं बरंचसं पाणी वैतरणेचं. १०२ मीटर उंचीचं मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ उभं आहे. तिथून पाणी मोडकसागरात उतरतं आणि पुढे जलवाहिन्यांतून शहराकडे जातं. त्याच मोखाड्यात आणि शेजारच्या जव्हारात पावसाळाभर धो धो कोसळतं, पण कातळ ते धरून ठेवत नाही. एप्रिल-मे उजाडला की पाड्यांवर टँकरची वाट पाहणं सुरू होतं. टँकर विहिरीत रिता होतो आणि काठावर बायकांची झुंबड उडते. गढूळ पाणी पोहऱ्याने ओढायचं, फडक्यातून गाळायचं, डोक्यावर हंड्यावर हंडा चढवून उन्हात घरची चढण धरायची.

मासा टाकीत मावेनासा झाला की दुकानदारही तो परत घ्यायला राजी नसतो. मग तळ्यात किंवा धरणात सोडून द्यायचा विचार येतो, आणि तो बहुतेकदा दयेपोटीच येतो. पण ही दया पाण्याला महागात पडते. टाकी साफ ठेवतो म्हणून विकला जाणारा सकर मासाही दक्षिण अमेरिकेचाच. आज तो उजनीच्या जाळ्यांत सापडतो, काट्यांनी जाळी फाडतो आणि त्याला गिऱ्हाईक नसतं. केरळात २०१८ च्या महापुरानंतर चालकुडी नदीत ॲमेझॉनचा अरापैमा मिळाला. सकर तर शेवाळ खातो. रेडटेल मासेच गिळतो. ज्याला आयुष्यभर पुरेल एवढं पाणी घरात देता येत नाही, तो मासा विकत घेऊच नये.

जव्हार-मोखाड्याच्या ओढ्यांना मृगाचं पाणी आलं की वलगणीचे मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात. रात्री बॅटरीच्या उजेडात माणसं खाचरांच्या बांधाशी उभी असतात. बांबूच्या सापळ्यात मुऱ्या, खेकडे, एखादा मरळ येतो. आणि एक शिंगटी, बोटाएवढी, ओल्या तळहातावर मिशा हलवत.