हँड म्हणजे हात नव्हे

तुम्हाला कुणी विचारलं, ‘हँड’ म्हणजे काय, तर तुम्ही काय सांगाल? हात. बालवाडीतलं पोरही हेच सांगेल. मी तर इंग्रजी घेऊन बी.ए. केलंय, कंटेंट रायटिंगवर पोट भरतो, दिवसभर याच भाषेत लिहितो. मीही हेच सांगितलं असतं. सांगितलं असतं कसलं, सांगितलंच, आणि तेही विम्याच्या फॉर्मवर. त्या एका शब्दापायी आमचे पैसे अडीच महिने अडकले. म्हणून आज तुमच्याशी त्याच्याविषयीच बोलायचं आहे.

झालं असं. आम्ही इंदूरला राहतो. आई घरून डबे देते. क्लाससाठी बाहेरगावाहून आलेली मुलं आणि एकटे राहणारे दोन-तीन आजोबा, असे तिचे गिऱ्हाईक. गेल्या पावसाळ्यात मागच्या मोरीत तिचा पाय घसरला. सावरायला तिने उजवा हात पुढे टेकला आणि मनगटाच्या जरा वर हाड मोडलं. नुसतं मोडलं नाही, जागेवरून सरकलं. प्लेट घालावी लागली, दोन रात्री दवाखान्यात काढल्या. घरात ‘इंग्रजी येणारा’ मी एकटाच, त्यामुळे क्लेमचा फॉर्म आपोआप माझ्यासमोर आला. दुखापतीच्या रकान्यात मी झोकात लिहिलं : फ्रॅक्चर ऑफ राइट हँड.

तीन आठवड्यांनी फॉर्म परत आला. त्यावर दोन शेरे होते. दुसऱ्याचं नंतर सांगतो. पहिला असा, की दवाखान्याच्या कागदांत दुखापत फोरआर्मची आहे, रेडियस नावाच्या हाडाची, आणि अर्जात मात्र हँडची. तफावतीचा खुलासा करावा.

मी आधी भयंकर चिडलो. हात तो हात, त्यात कसली तफावत? मग रात्री शब्दकोश उघडला आणि गप्प बसलो.

इंग्रजीतला हँड मनगटापाशी संपतो. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत, बस. मनगटाची आठ धरून त्यात 27 हाडं असतात. तिथून वर खांद्यापर्यंत जे आहे तो आर्म. त्यातला कोपरापर्यंतचा भाग म्हणजे फोरआर्म, आणि आईचं जे हाड मोडलं ते तिथलं. आपला हात मात्र थेट खांद्यापासून निघतो आणि नखापर्यंत पोचतो. आपल्याकडे तुकड्यांना नावं नाहीत असं नाही. दंड आहे, कोपर आहे, मनगट, पंजा, तळहात, सगळं आहे. पण कुणाचा पंजा मोडो की दंड मोडो, शेजारच्या काकू विचारायला येतात तेव्हा ‘हात मोडला म्हणे’ असंच म्हणत येतात. हिंदीतही तेच. आमच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून ‘हाथ टूट गया है’ म्हटलं होतं, आणि कागदावर मात्र काटेकोर इंग्रजी लिहिलं होतं.

पायाचंही असंच आहे. लेग वेगळा, फूट वेगळा, आपल्याला दोन्ही पायच. बोटं तर हातापायाला सारखीच बोटं. इंग्रजीत हाताची ती फिंगर, पायाची ती टो, आणि अंगठा बिचारा थंब म्हणून पंगतीबाहेर. माणसाला फिंगर आठ की दहा, यावर इंग्रजीत खरोखर वाद घालता येतो. आपली पाचही बोटं सारखी नसली तरी पाच असतात, एवढी खात्री आहे.

गंमत म्हणजे हा फरक मोजमापातही उतरलाय. माझी आजी दोरी, कापड, गजरा सगळं हाताने मोजायची. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, साधारण दीड फूट. इंग्रजीतही हँड नावाचं माप आहे, घोड्याची उंची अजून त्यातच सांगतात. पण तो हँड फक्त चार इंचांचा, म्हणजे पंजाच्या रुंदीएवढा. पंधरा हँडचा घोडा 60 इंच, बरोबर पाच फूट. तोच घोडा कुणी माझ्यासारख्याने ‘पंधरा हात उंच’ असा मराठीत आणला, तर साडेबावीस फूट होईल. जिराफसुद्धा मान वर करून त्याच्याकडे बघेल.

आणि तरी माझी चूक अगदीच हवेतली नव्हती. डिस्चार्ज कार्डावर पडण्याची हकीकत लिहिली होती, ती अशी : फॉल ऑन आउटस्ट्रेच्ड हँड. पसरलेल्या हातावर पडणे. डॉक्टर लोकांचा हा ठरलेला वाक्प्रचारच आहे. अब्राहम कॉलिस नावाच्या आयरिश सर्जनने 1814 मध्ये मनगटाजवळच्या या मोडण्याचं वर्णन केलं, आजही त्याच्या नावाने ते ओळखलं जातं. माणूस पडतो हँडवर आणि मोडतो आर्म. मी कार्डावरचा ओळखीचा शब्द उचलला आणि चुकीच्या रकान्यात ठेवला.

आता दुसरा शेरा. सही जुळत नाही.

इथे मला आईविषयी थोडं सांगायला हवं. ती लग्न होऊन साताऱ्याहून इंदूरला आली. पहिल्यांदा बँकेत गेली तेव्हा स्लिपवर खाली ‘हस्ताक्षर’ असं छापलेलं. आपल्याकडे हस्ताक्षर म्हणजे अक्षराचं वळण, हँडरायटिंग. इथे कशाला यांना माझं अक्षर बघायचंय, म्हणून ती पेन धरून उभी. हिंदीत हस्ताक्षर म्हणजे सही, हे तिला तिथल्या शिपायाने सांगितलं. आणि हिंदीत ‘सही’ म्हणजे बरोबर. त्या दिवसाची गोष्ट ती अजून हसत सांगते.

पण फॉर्म भरायच्या दिवशी ती हसत नव्हती. उजवा हात बोटांपर्यंत सुजलेला, पेन धरवेना. मी सहज म्हणालो, “डाव्या हाताचा अंगठा लाव ना, चालतो तो.” ती एकदम म्हणाली, “मी काय अंगठेबहाद्दर आहे का?” बी.कॉम. झालेली बाई. मुलांच्या फियांचे, डब्यांचे, दुधाचे हिशोब तोंडावर ठेवणारी. तिने डाव्या हातात पेन घेतलं आणि दातांवर दात रोवून पाच मिनिटांत नाव लिहिलं. पहिलीतल्या मुलाने गिरवावं तसं. मला ते बघवेना आणि थांबवताही येईना. अर्थात बँकेतल्या सहीशी ते जुळणार नव्हतंच. मला कळायला हवं होतं. पण त्या वेळी तिला पुन्हा अंगठ्याविषयी बोलायची माझी छाती झाली नाही, आणि खरं सांगायचं तर आजही होणार नाही.

तुम्ही म्हणाल, अडीच महिने काय, येतात पैसे. येतात. पण आमचं हातावर पोट आहे. इंग्रजीत याला जवळचा शब्द आहे, हँड टू माउथ. हातातून थेट तोंडात, मध्ये साठवायला काही नाही. आणि इथे तर तो हातच प्लॅस्टरमध्ये. दवाखान्याचं बिल माझ्या बचतीतून गेलं होतं. डबे बंद केले तर मुलं दुसरी मेस धरतील, मग ती परत येत नाहीत. म्हणून दुसऱ्या दिवसापासून पोळ्या मी लाटायला घेतल्या.

आई शेजारी स्टुलावर बसून सूचना द्यायची. पीठ अजून मळ. कड जाड राहिली. तवा तापू दे. पहाटे पाचला उठून साठ पोळ्या, मग अंघोळ, मग लॅपटॉप. एकदा सकाळी ऑफिसची ‘ऑल हँड्स’ मीटिंग होती. कंपनीतले सगळेच्या सगळे हजर राहायचे, तिला असं म्हणतात. हा शब्द जहाजावरून आलाय. खलाशांना मोजताना माणसं मोजत नसत, हँड्स मोजत. शेतावरचा मजूर तो फार्महँड. चार्ल्स डिकन्सच्या ‘हार्ड टाइम्स’ या 1854 च्या कादंबरीत गिरणीतल्या कामगारांना सर्रास हँड्स म्हटलंय, आणि डिकन्सने त्यावर चांगलाच टोमणा मारलाय, की काही लोकांना हे कामगार नुसते हातच असते तर अधिक बरं वाटलं असतं. मी कॅमेरा बंद करून ऐकत होतो, बोटांच्या फटीत पीठ वाळलेलं. आपण या घरातले हँड आहोत की त्या कंपनीतले, असा एक विचार येऊन गेला. पण तव्यावरची पोळी करपायला लागली होती.

आठवड्याभराने एका मुलाने डबा परत देताना विचारलं, “काकूंच्या हातची चव येत नाहीये. सगळं ठीक ना?” हे ‘हातची’ इंग्रजीत कसं न्यायचं ते मला आजवर जमलेलं नाही. ‘मेड बाय हर हँड’ म्हटलं तर ती हस्तकलेची वस्तू वाटते. ‘हातगुण’ हाही तसाच. आजी एका ठरावीक डॉक्टरकडेच जायची, कारण त्यांना हातगुण आहे. औषध तेच, गोळी तीच, पण यांच्या हातून घेतली की बरं वाटतं. आणि गणितातला हातचा! सात आणि पाच बारा, दोन लिहिले, हातचा एक. तो एक खरंच हातात धरलाय असं मला लहानपणी वाटायचं, मूठ घट्ट बंद ठेवायचो मी.

इंग्रजीचीही श्रीमंती कमी नाही हं, राग गेल्यावर हेही सांगायला हवं. घड्याळात आपण काटे बघतो, ते हँड बघतात. टाळ्या वाजवा म्हणताना ‘बिग हँड’ द्या म्हणतात. हँडसम म्हणजे मुळात हाताळायला सोपं, देखणं वगैरे नंतर झालं. हँडकरचीफ तर फारच मजेशीर आहे. करचीफ म्हणजे फ्रेंचमधून आलेलं ‘डोकं झाकायचं कापड’, त्याला पुढे हँड जोडला. म्हणजे आपल्या खिशातला रुमाल हा हाताचं डोकं झाकणारा निघाला. हे सगळं मी क्लेमच्या खुलाशाचं पत्र लिहायला बसलो असताना वाचत होतो. पत्र मात्र चार ओळींचंच झालं. सोबत डॉक्टरांच्या दोन ओळी जोडल्या, अर्जातला हँड आणि कागदांतला फोरआर्म ही एकच दुखापत आहे, अशा.

पण सहीचा प्रश्न उरलाच होता. त्यासाठी सूज उतरेपर्यंत थांबणं भाग होतं. प्लॅस्टर निघाल्यावर आई स्पंजचा चेंडू दाबत बसायची, आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रोज दहा वेळा सही गिरवायची. जुलै महिन्याचं पान सह्यांनी भरलं, मग ऑगस्टचं.

शेवटी नव्या फॉर्मवर तिने उजव्या हाताने सही केली. पासबुकातल्या सहीशेजारी धरून बघितली, मान वाकडी करून. “हस्ताक्षर बिघडलं रे माझं,” ती म्हणाली.

“कुठलं, मराठीतलं की हिंदीतलं?”

“दोन्ही. सरक तिकडे, आजपासून पोळ्या मी करते.”