कसा होता पिक्चर?

सोमवारी सकाळी आमच्या ऑफिसात कामाला सुरुवात होते ती 'काय पाहिलंस वीकेंडला?' या प्रश्नाने. मेल उघडायच्या आधी चहा आणि चहाच्या आधी पिक्चर. ऑफिस अंबडला, म्हणजे आजूबाजूला कारखाने आणि टपऱ्या. त्यातल्या एका टपरीवर दर सोमवारी अर्धा तास देशातल्या समस्त दिग्दर्शकांचा निकाल लागतो. शब्द ठरलेले. भारी. बोअर. टाइमपास. 'एकदा बघायला हरकत नाही.' एचआरमधली एक मुलगी फक्त 'ठीके' म्हणते आणि तिच्या 'ठीके'च्या पाच छटा आता आम्हाला पाठ झाल्यात. पिक्चर न बघता, ट्रेलर आणि दोन रिव्ह्यूंच्या जोरावर सगळ्यात लांबलचक बोलणारा एक जण असतो, तो तुमच्याकडेही असेलच.

मला ही बैठक मनापासून आवडते. फक्त इतक्या वर्षांत एक गोष्ट लक्षात आलीय. पिक्चरबद्दल बोलणारी माणसं दर वेळी पिक्चरबद्दलच बोलत असतात असं नाही.

'सैराट'चंच घ्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये तो आला तेव्हा मी नोकरीत नवी होते. पहिला आठवडा गाण्यांत आणि आर्चीच्या बुलेटमध्ये गेला. दुसऱ्या आठवड्यात गाडी शेवटावर आली. 'एवढं मस्त चाललं होतं राव, शेवट कशाला असला?' बहुमत असं पडलं की नागराज मंजुळेंनी शेवट बदलायला हवा होता. आमच्या अकाउंट्समधला एक जण एरवी क्रिकेट सोडून कशावर तोंड उघडत नाही. तो म्हणाला, "शेवट आहे तसाच हवा."

"का रे भाऊ?"

"तसाच होतो."

एवढं बोलून त्याने कप ठेवला आणि वर निघून गेला. दोन-तीन महिन्यांनी कळलं, की त्याच्या लग्नाला चार वर्षं झालीत, बायको दुसऱ्या जातीची आहे आणि या चार वर्षांत तो एकदाही स्वतःच्या गावी गेलेला नाही. दिवाळीतही सुट्टी न टाकणारा कामसू माणूस म्हणून साहेब त्याचं उदाहरण द्यायचे! 'सैराट'वर तेव्हा रकानेच्या रकाने छापून आले, मी त्यातले बरेच वाचले. लक्षात राहिले ते हे दोन शब्द.

तसं पिक्चरवर मत द्यायचा हक्क आम्हा नाशिककरांना जरा जास्तच आहे, बरं का. दादासाहेब फाळके आमच्या त्र्यंबकेश्वरचे. १९१३ मध्ये मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' दाखवून झाल्यावर त्यांनी आपलं चंबूगबाळं नाशकातच आणलं. १९१७ च्या त्यांच्या 'लंकादहन'मध्ये पडद्यावर राम आला, की लोक चपला काढून हात जोडायचे, असं सांगतात. तो राम आणि त्याची सीता, दोन्ही कामं अण्णा साळुंके यांचीच! म्हणजे मत शब्दांतच द्यावं लागतं असंही नाही. चपला काढल्या, झाला रिव्ह्यू.

त्याच्याही आधीची गोष्ट. २१ डिसेंबर १९०९ ला नाशकातल्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. जॅक्सन तिथे जे नाटक बघायला आला होता ते होतं 'संगीत शारदा'. देवलांचं १८९९ चं नाटक, विषय म्हातारा नवरा आणि पोरवयाची नवरी. मला नेहमी वाटतं, त्या काळी घराघरात या विषयावर बोलायची सोय नसेल, पण नाटकावर बोलायची नक्की असेल. 'काय बाई तो म्हातारा!' म्हणायला कुणाची ना नव्हती. आता तो म्हातारा स्टेजवरचा की शेजारच्या वाड्यातला, ते ज्याचं त्याने समजून घ्यायचं.

आमच्या घरातही हीच पद्धत आहे. बाबांचं सांगते. २०१६ च्या एक जानेवारीला नाना पाटेकरांचा 'नटसम्राट' लागला. कुसुमाग्रज नाशिकचे, त्यामुळे बाबांच्या दृष्टीने हा घरचाच पिक्चर. रिटायर होऊन त्यांना सहा महिने झाले होते आणि इंदिरानगरचा फ्लॅट आत्ताच दादाच्या नावावर करून टाकावा असं त्यांच्या मनात होतं. वकिलांशी एकदा बोलणंही झालं होतं. सगळे मिळून पिक्चरला गेलो. बाहेर आल्यावर बाबांनी मत दिलं, "नाना चांगलाच आहे. पण लागू ते लागू." विषय संपला. गाडीत कुणी काही बोललं नाही. दादाने रस्त्यात सगळ्यांना आइस्क्रीम खाऊ घातलं, तेही न मागता.

पुढच्या आठवड्यात वकिलांचा फोन आला तेव्हा बाबा म्हणाले, "राहू द्या हो, घाई काय आहे!" फ्लॅट आजही त्यांच्याच नावावर आहे. दादा आणि वहिनी त्यांची उत्तम काळजी घेतात, तशी तेव्हाही घेतच होते. पण आप्पा बेलवलकरांनी त्या तीन तासांत जे काम केलं, ते आमच्यापैकी कुणाला जमलं नसतं. हा विषय काढणार कोण आणि कोणत्या तोंडाने?

मावशीची गोष्ट मात्र इतकी सोपी नाही.

मावशी आईची धाकटी बहीण. २०१९ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ती नवऱ्याचं घर सोडून नाशिकरोडला भाड्याच्या वन बीएचकेत राहायला आली. एकटी. काकांनी काय केलं, किती वर्षं केलं, हे आमच्याकडे कुणी मोठ्याने बोलायचं नाही. आई 'घटस्फोट' हा शब्द उच्चारायची नाही. पाहुण्यांना सांगायची, "ती सध्या इकडे असते." हे 'सध्या' दोन वर्षं चाललं.

त्याच वर्षी डिसेंबरात स्टार प्रवाहवर 'आई कुठे काय करते' सुरू झाली. रोज साडेसातला. अरुंधती, तिचा नवरा अनिरुद्ध आणि त्याच्या ऑफिसातली संजना. तुम्ही हसाल. मीही हसायचे. भाजी निवडता निवडता बघायच्या मालिका, आणखी काय! पण आठ वाजता एपिसोड संपला, की आमच्याकडे फोन वाजायचा.

"ताई, बघितलंस?"

"बघितलं की! मेलीचं धाडस तरी बघ!"

आणि मग पाऊण तास. अरुंधतीने एवढी वर्षं सहन का केलं? मुलांसाठी? माहेरच्यांनी काय केलं असतं? सासूला कळत नसेल होय? लॉकडाऊनमध्ये तर दोघींना दुसरा उद्योगच नव्हता. मी बाजूच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलेली असायचे आणि आईचे शब्द कानावर पडायचे. कधीतरी माझ्या लक्षात आलं, की अरुंधतीबद्दल आई जे विचारते त्यातलं अर्धं मालिकेत घडलेलंच नाही. 'त्याने हात उचलला तेव्हाच निघायला हवं होतं गं तिने,' असं आई एकदा म्हणाली. मी तोवरचे बरेच एपिसोड बघितले होते. तो प्रसंग मालिकेतला नव्हता.

२०२१ मध्ये अरुंधतीचा घटस्फोट झाला. त्या दिवशी फोन आला नाही. आईने वाट बघितली आणि साडेआठला स्वतः लावला. "झाली बाई मोकळी," म्हणाली आणि गप्प बसली. पलीकडेही शांतता असावी. मग आईनेच विचारलं, "तुझ्या कागदांचं कुठवर आलं?" कोर्टाच्या कागदांबद्दल आई पहिल्यांदा बोलत होती.

मालिकेवर टीका करायला खूप जागा आहे. ताणली केवढी! २०२३ मध्ये अरुंधतीने आशुतोषशी लग्न केलं, ते आम्हाला पटतंय न पटतंय तोवर लेखकांनी आशुतोषला मारूनही टाकलं. त्यावर मावशी जाम चिडली होती. "यांना बाई सुखात बघवतच नाही," असं तिचं मत. मला ते समीक्षा म्हणूनही अगदी बरोबर वाटतं.

मधे 'बाईपण भारी देवा' येऊन गेला. २०२३ चा जुलै, भर पावसात सिटी सेंटर मॉलमध्ये बायकांचे घोळकेच्या घोळके, साड्या नेसून, गॉगल लावून. आई आणि मावशीही गेल्या. सगळं थेटर मंगळागौरीच्या खेळांवर टाळ्या वाजवत असताना या दोघी ढसाढसा रडल्या, हे मला आईने नाही, तिच्या भिशीतल्या मैत्रिणीने सांगितलं. आईचं अधिकृत मत असं, "सहा बहिणी आहेत आणि भांडणं एवढीशीच? काहीही दाखवतात!"

२०२४ च्या नोव्हेंबरात 'आई कुठे काय करते' संपली. फोन थोडे दिवस अडखळला. मग साड्या, गुडघे, गॅस सिलिंडर अशा विषयांवर चालू राहिला. मावशी आता हिंदीत डब केलेल्या कोरियन मालिका बघते आणि त्यातली नावं आपल्या सोयीने बदलून सांगते. एकाचं नाव तिने 'किमदादा' ठेवलंय.

२०२५ च्या सप्टेंबरात आम्ही दोघी एका बारशाला पुण्याला गेलो होतो. परतीच्या बसला वेळ होता म्हणून तिला 'साबर बोंडं'ला घेऊन गेले. रोहन कानवडे यांचा हा पिक्चर. त्याच वर्षी सनडान्सला जागतिक विभागात ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळालेला. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांसाठी गावी येतो, नातेवाईक लग्नासाठी मागे लागतात आणि त्याला जवळचा वाटतो तो लहानपणचा मित्र बाळ्या. पार्श्वसंगीत नाही, पळापळ नाही. मावशी कंटाळेल अशी मला खात्रीच होती. ती एकदाही फोनकडे न बघता बसली होती. बाहेर आल्यावर काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

संगमनेरला बस चहाला थांबली. चहा संपत आला तेव्हा ती म्हणाली, "त्याच्या आईला सगळं ठाऊक होतं गं. पहिल्यापासून. आणि तरी ती त्याच्याच बाजूने उभी राहिली."

"हो ना."

"आमच्या आईलाही ठाऊक होतं," मावशी म्हणाली. "लग्नानंतर चार महिन्यांतच मी तिला सांगितलं होतं."

आजीला जाऊन आता अकरा वर्षं झाली. मी काय बोलणार? कंडक्टरने घंटा मारली. मावशीने पर्समधून सुट्टे काढून दोन्ही चहांचे पैसे दिले आणि खिडकीची जागा कुणी बळकावेल म्हणून माझ्या पुढे झपाझप बसमध्ये चढली.