गारव्याचा हिशेब

मोटारीतला गारवा ही श्रीमंतांची चैन, असे समजणाऱ्या घरात आम्ही वाढलो. वसईच्या वाडीत उन्हाळ्यातला गारवा असे तो विहिरीच्या काठी, केळीच्या दाट सावलीत आणि ओटीवरच्या माठात. त्याचे बिल येत नसे. परंतु गरज दाराशी आली की चैनीची व्याख्या बदलते. २०२४ च्या मे महिन्यात आमच्या आईचे किरणोपचार सुरू झाले. आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे, वसईहून मुंबईला न्यायचे आणि परत आणायचे. किरणांनी हुळहुळलेल्या कातडीला घाम सोसवत नाही. त्यात खाडीवरच्या पुलापाशी वाहने खोळंबली, की अर्धा-पाऊण तास भर उन्हात एका जागी उभे राहावे लागते.

आम्हा दोघा भावांची मिळून एक मोटार आहे. २०११ सालची, दुसऱ्या हाताने घेतलेली. तिचे वातानुकूलन बंद पडले होते. एका गॅरेजमध्ये दाखविली, तेव्हा पाच मिनिटांत निदान झाले: कॉम्प्रेसर गेला, नवा बसवायला बत्तीस हजार रुपये लागतील. आईच्या औषधपाण्याचा खर्च डोळ्यांसमोर असताना ही रक्कम उभी करणे आम्हाला शक्य नव्हते. आणि आईला त्या उन्हात तसेच नेणेही शक्य नव्हते. म्हणून आम्ही मामांकडे गेलो. मामांनी रेल्वेच्या लोअर परळ कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढले. ते म्हणाले, “पोरांनो, पैसे खर्च करायच्या आधी यंत्र काय करतं ते तरी समजून घ्या.”

समजून घेतले, तेव्हा कळले की हे यंत्र थंडी निर्माण करीतच नाही. ते फक्त आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते. माठाच्या अंगावरचे पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना माठातली उष्णता घेऊन जाते, तत्त्व तेच. फरक इतकाच, की माठातले पाणी उडून जाते आणि मोटारीतला वायू बंद नळ्यांतून पुन्हापुन्हा फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तेव्हा तो तापतो. मोटारीच्या नाकाशी असलेल्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो आपली उष्णता वाऱ्याला देऊन द्रव होतो. मग एका बारीक झडपेतून सुटताच त्याचा दाब उतरतो, आणि डॅशबोर्डामागच्या दुसऱ्या जाळीत तो उकळून पुन्हा वायू होतो. त्या उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो आतल्या हवेतून घेतो. आपल्या तोंडावर येणारा गार झोत तो हाच.

एवढे ध्यानात आल्यावर तपासणीचा क्रम आपोआप ठरला: आधी फुकटचे, मग स्वस्तातले आणि शेवटी महागाचे. समोरचा खण काढला. त्यामागची हवेची गाळणी धूळ आणि पाचोळा यांनी अशी भरली होती, की तिच्यातून वाराच जात नव्हता. नवी साडेतीनशे रुपयांना मिळाली. मग इंजिन थंड असताना कंडेन्सरची जाळी साध्या नळाच्या संथ धारेने धुतली. तिच्या अॅल्युमिनियमच्या पात्या इतक्या मऊ असतात, की जोरदार फवाऱ्याने त्या वाकतात आणि वाऱ्याची वाट बंद होते. चिखल, मेलेले किडे आणि वाळकी पाने निघाली. झोत वाढला, परंतु हवा गरमच राहिली.

पुढची परीक्षा कानांची होती. इंजिन चालू करून वातानुकूलनाची कळ दाबली, की आमच्या गाडीसारख्या कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ‘टक्’ असा आवाज होऊन मधली तबकडी फिरू लागते. फिरत्या पट्ट्यापासून हात आणि कपडे दूर ठेवून आम्ही पाहिले. आवाज नाही, तबकडी स्थिर. गॅरेजवाल्यांनी पाहिले ते हेच; त्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे आम्हाला कारण नाही. परंतु चालू न होणे आणि मोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्यूज पाहिला, तो शाबूत होता. रिले काढून त्याच जातीचा दुसरा लावून पाहिला, तरीही फरक नाही. तेव्हा मामांनी सांगितले, की नळीवर दाब मोजणारे एक बटण असते. आतला वायू फार कमी झाला, की ते कॉम्प्रेसरची वीजच तोडते. कॉम्प्रेसरला वंगण देणारे तेल वायूबरोबरच फिरत असते. वायू नसेल तर तेलही पोचणार नाही आणि यंत्र कोरडे घासून मरेल. म्हणजे आमचा कॉम्प्रेसर मेला नसून त्याला वाचवण्यासाठी कोणी तरी थांबवून ठेवला होता, असा संभव निघाला. एका परिचिताने ते बटण तारेने जोडून टाकण्याची युक्ती सुचविली. मामांनी ती साफ नाकारली.

बंद नळ्यांतला वायू पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला असेल, तर कुठे तरी फट आहेच. ती शोधायला डोळे पुरतात, कारण वायूबरोबर थोडे तेलही पाझरते आणि त्या जागी धूळ चिकटून काळा ओशट डाग पडतो. कंडेन्सरच्या एका सांध्यावर तसा डाग दिसला. भांडी घासण्याच्या साबणाचा फेस ब्रशने तिथे लावला आणि आम्ही दोघे श्वास रोखून पाहत राहिलो. मिनिटाभराने एक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. बत्तीस हजारांच्या दुखण्याचे मूळ बोटाएवढ्या सांध्यातल्या रबरी कड्यात होते.

इथे हाताला खाज सुटते. पाना समोरच असतो. परंतु घरची दुरुस्ती इथे थांबली पाहिजे आणि आम्ही थांबलो. आतला वायू दाबाखाली असतो. अचानक सुटला तर उणे २६ अंशांना उकळणारा हा द्रव कातडी गोठवतो आणि डोळा कायमचा दुखावू शकतो. शिवाय तो हवेत सोडणे म्हणजे आपला कचरा शेजाऱ्याच्या अंगणात फेकणे होय. १९२८ मध्ये थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फ्रिऑन वायू शोधला, तेव्हा तो विषारी नाही, जळत नाही, म्हणून त्याचे स्वागत झाले. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की अशा वायूंमुळे ओझोनचे छत्र झिजते. १९८७ मध्ये माँट्रिअलचा करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला आणि २००८ च्या ऑगस्टपासून आपल्याकडे या वायूंचे उत्पादन थांबले. आमच्या गाडीतला आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही, परंतु शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट पृथ्वी तापवतो. अर्धा किलो वायू सोडला, तर सातशे किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते. आपल्या आईला गारवा हवा म्हणून दुसऱ्याच्या आईचा उन्हाळा वाढवायचा, हे आम्हाला पटेना. स्वस्तात होते म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरण्याचा सल्लाही कोणी दिला. जो वायू ठिणगीने पेटतो, तो आजारी माणसाच्या पुढ्यातल्या नळीत भरणे कोणत्याही बचतीत बसत नाही.

वायू काढून साठविण्याचे यंत्र असलेल्या एका लहान कारखान्यात आम्ही गाडी नेली. मेस्त्रींना डाग दाखविला. त्यांनी उरलेला वायू ओढून घेतला, सांध्यांतली कडी बदलली, ओलावा शोषणारी डबी नवी घातली आणि पंपाने पाऊण तास आतली हवा उपसली. आत ओलावा राहिला तर तो बारीक झडपेत गोठतो आणि पुढे तेलाशी मिळून धातूही खातो, असे त्यांनी समजावले. पंप बंद केल्यावर काटा वीस मिनिटे जागचा हलला नाही, तेव्हा फट बुजल्याची खात्री पटली. मग बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेल्या वजनाइतकाच वायू त्यांनी तोलून भरला. जास्त भरल्याने गारवा वाढत नाही. उलट दाब वाढून कॉम्प्रेसरवर ताण येतो. इंजिन चालू केले, कळ दाबली आणि ‘टक्’ झाले. त्यांचे बिल चार हजार तीनशे रुपये झाले. गाळणी धरून एकूण चार हजार सहाशे पन्नास.

वाचकांपैकी कोणाला ही कामे करायची असतील, तर गाळणी, जाळी, फ्यूज आणि साबणाचा फेस एवढे आपले. वायू कारागिराचा, ही सीमारेषा कृपया पाळावी. तापलेल्या गाडीत बसताच आधी काचा उघडून कोंडलेली हवा जाऊ द्यावी. पावसाळ्यात आणि हिवाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटे हे यंत्र चालवावे, म्हणजे आतली रबरी कडी तेलाने ओली राहतात आणि वायू टिकतो.

पहिल्या दिवशी पुलाजवळ वाहनांची रांग नेहमीसारखीच खोळंबली होती. मागच्या सीटवर आई डोळे मिटून होती. आम्ही काळजीने विचारले, तेव्हा ती म्हणाली, “जरा कमी करा रे, गारठायला होतंय.” आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि झोत एका घराने कमी केला. जून उलटायच्या आत तिचे उपचार पूर्ण झाले. वाचलेल्या पैशांतून तिच्या नंतरच्या तपासण्या आणि तीन महिन्यांची औषधे आली.