बोअरमधलं गेरूचं शेवाळ

बोअरचं पाणी तपासायला गेलं की लोकांना एकच विचारायचं असतं: जंतू आहेत का? आहेत. बेसॉल्टच्या भेगांतल्या, उजेड न पाहिलेल्या पाण्यातही ते असतात, आणि त्यातले बहुतेक आपल्या वाटेला जात नाहीत. ते कशावर जगतात, हे शोधणं माझं काम.

आधी मोटर चालवून पाइपातलं शिळं पाणी जाऊ द्यायचं. पीएच, विद्युतवाहकता, विरघळलेला प्राणवायू यांचे आकडे स्थिरावल्याशिवाय बाटली उघडायची नाही. तेवढ्यात वीज जाते, ते सोडा. प्राणवायू मात्र बोअरवरच मोजायचा. पाण्याला हवा लागली की तो आकडा गेला.

भूगर्भात जिवाणूंच्या श्वासाचा क्रम साधारण ठरलेला असतो. प्राणवायू संपला की जिवाणू नायट्रेट वापरतात, मग मँगनीज, लोह आणि शेवटाकडे सल्फेट. म्हणून खतांचं नायट्रेट मुरलेल्या पाण्यात विरघळलेलं लोह मला क्वचितच सापडतं. सल्फेटची पाळी आली, की सडक्या अंड्यांचा वास येतो.

सगळ्यात जास्त तक्रारी येतात त्या लोहजिवाणूंच्या. हंड्यात निवळशंख पडलेलं पाणी तासाभरात पिवळं होतं, पाइपात गेरूसारखा बुळबुळीत थर धरतो. लोहावर गुजराण करणारे जीव असतात, हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राद्स्कीने 1888 मध्ये मांडलं. त्यांना विरघळलेलं लोह हवं आणि प्राणवायू अगदी थोडा. जास्त झाला तर लोह आपोआपच गंजून जातं. या कमाईत ऊर्जा इतकी कमी, की पोट भरायला ढीगभर लोह गंजवावं लागतं. पाइप तुंबतो तो या ढिगाने.

पाण्यावर तवंग दिसला तर काडीने ढवळून पाहावं: तेल पुन्हा जुळतं, लोहाचा पापुद्रा तुकडे होऊन तसाच राहतो.

लोक क्लोरिन ओततात. थर सुटतो, काही महिन्यांत परत येतो, कारण पाण्याचं रसायन तेच राहिलेलं असतं. खोल भेगेतलं लोहाचं पाणी आणि वरच्या भेगेतलं हवेशीर पाणी बोअरमध्येच एकत्र येतं. मोठ्या मोटरीने पातळी ओढली, की वरची भेग उघडी पडून पाणी धबधब्यासारखं कोसळतं आणि हवा आत नेतं. तेव्हा क्लोरिनच्या आधी लोह आणि नायट्रेट तपासून घ्या, बोअरची पातळी मोजा, आणि पुढची मोटर एक अश्वशक्ती कमीची घ्या.